तीन सारखे डबे

दुधरामने दुसरा फवारा मारला आणि लाकडी बैलाचे डोळे ओघळायला लागले.

काळा रंग पांढऱ्यात मिसळला, गालावरून खाली आला, आणि मानेवरच्या माळेची पिवळी टिंबं सोबत घेऊन पायांपर्यंत उतरला. दुधरामला आधी वाटलं, पुसताना राहिलेली धूळ असेल. मग त्याने हातातल्या डब्याकडे पाहिलं. वार्निशने रंग चमकतो, असा वाहत नाही. हा थिनरचा डबा होता.

नवेगाव बांधच्या आपल्या घरी, पुढच्या सपरीत, ओसरीवरच तो सुतारकाम करायचा. फवारणीचे तीन डबे त्याच्याकडे होते, पत्र्याचे, एकाच मापाचे. माल भरायचा, झाकण घट्ट करायचं, सायकलच्या पंपाने हवा मारायची, की डबा पुन्हा तयार. एकात थिनर, एकात वार्निश, एकात तेल. वर नाव लिहिलं तर थिनरने भरलेल्या हातांनी ते चार दिवसांत पुसलं जायचं, म्हणून त्याने लिहिणंच सोडून दिलं होतं. डब्याचं तोंड नाकाशी नेलं की त्याला कळायचं. नाक काही पुसलं जात नाही, असं तो गिऱ्हाइकांना हसून सांगायचा.

उन्हाळ्यात ताप आला, आणि ताप गेला तेव्हा नाकही गेलं होतं. गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, वास परत आला तर येईल. हे त्याने घरात सांगितलं नाही. ताटात काय आहे ते तो डोळ्यांनी ओळखायचा आणि डबे जागेवरून: भिंतीकडचा थिनरचा, मधला वार्निशचा, कडेचा तेलाचा. आज पोळा. बायकोने, नंदाबाईने, पहाटेच सपरी सारवली, त्यासाठी डबे उचलले आणि मग हाताला येतील तसे पुन्हा ठेवून दिले. ही गोष्ट दुधरामच्या आता ध्यानात आली.

समोर इतवारी बसला होता. जंगलाकडच्या टोल्यावरचा, तिथल्या लहानशा वस्तीतला म्हातारा, नातीचा बैल गमच्यात बांधून पायी आला होता. बैल त्याच्या मुलाने, रोशनने, केलेला. कोरला त्यानेच, रंगवलाही त्यानेच. रोशनला जाऊन दीड वर्ष झालं होतं. उद्या पोरांचा तान्हा पोळा, नात प्रिया हा बैल ओढत चौकात नेणार होती. इतवारीने एकच गोष्ट दोनदा सांगितली होती, की रंगाला हात लावायचा नाही, वरून फक्त वार्निश मारायचं, म्हणजे पोराच्या हातचा रंग टिकेल. दुधरामने होकार दिला होता. डबा उचलताना त्याने सवयीने, आणि थोडं म्हाताऱ्याला दिसावं म्हणूनही, तो नाकाशी नेला होता आणि मान डोलावली होती.

आतून नंदाबाई तोंडाला पदर लावून बाहेर आली.

"आवो, थिनर कायले मारून राहिले?"

इतवारी उठून उभा राहिला होता. "मले बी वास आला," तो हळूच म्हणाला. "वाटलं, तुमाले ठाऊक असन."

सर्दी झालीय, असं दुधराम पुटपुटला. त्याने घाईने फडकं घेऊन बैलाचं तोंड टिपलं, तर उरलेला रंगही फडक्यावर आला. खालचं सागवान उघडं पडलं. तेव्हा त्याने हात मागे घेतला.

नंदाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली. तिन्ही डबे तिने एकेक करून नाकाशी नेले आणि वेगवेगळे ठेवले. तीस वर्षं ती या वासाच्या नावाने कटकट करत आली होती.

"कवापासून?" तिने विचारलं.

इतवारीसमोर पुन्हा सर्दी म्हणणं दुधरामच्याने होईना. "उन्हाळ्यापासून," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता गमच्याची घडी करत, उलगडत उभा राहिला. दुधरामनेच मग विनवलं, की संध्याकाळपर्यंत बैल पुन्हा रंगवून देतो, आजवर शेकडो बैलांचे डोळे काढले आहेत. इतवारी कितीतरी वेळाने खाली बसला. दुधरामने लाकूड घासलं, पांढरा हात दिला, तो वाळू दिला. नंदाबाईने न सांगता काळ्या रंगाची डबी उघडून पुढे ठेवली. त्याने बारीक ब्रश बुडवला.

"रोशननं काढले तसेच काढा," इतवारी म्हणाला. "एक डोळा मोठा झाला होता त्याच्या हातून. प्रिया लय हासे."

दुधरामचा हात थांबला. "कोणता?"

सकाळपासून बैल त्याच्याच हातात होता. फवाऱ्याआधी त्याचं तोंड त्याने ओल्या फडक्याने पुसलंही होतं. पण त्याला काही आठवेना. इतवारीने एक बोट उचललं, बैलाच्या एका बाजूला नेलं, मग दुसऱ्या बाजूला. बैल स्वतःकडे फिरवून पाहिला. मग आपलाच एक डोळा तळहाताने झाकला, तो हात काढून दुसरा झाकला.

"प्रियाले ठाऊक आहे," तो शेवटी म्हणाला. "तिलेच इचारा लागन. पन बापानं काढलेले डोळे पुसले गेले, हे तिले कोन सांगन?"

ब्रशच्या टोकाशी काळा रंग घट्ट होत चालला. कोणीच उठलं नाही.