काळी होत गेलेली रेघ

थापा मारण्यात माझी हयात गेली, पण माझी पुतणी दीक्षा कधी खोटं बोलत नाही. क्लेमेंटी या उपनगरातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहतो. मेंदूत गाठ झालेल्यांच्या रक्तातलं एक प्रथिन ती लॅबमध्ये तपासते. तपासणीच्या फिल्मवर त्या प्रथिनाची रेघ उमटते; ती जितकी काळी, तितकं आयुष्य कमी. तुलनेला निरोगी रक्त हवं म्हणून तिने माझं नेलं होतं.

"काका, गेल्या महिन्यात वारलेल्या पेशंटची रेघ रोज फिकी होतेय."

"म्हणजे सुधारतोय की गडी!"

ती हसली नाही. "आणि तुमची काळी."

"अगं, फ्रीजरमध्ये नासलं असेल. ताजं घे."

मी बाही वर सारली. दीक्षा हाताकडे बघतच राहिली.

"आज कोणी घेतलं, काका?"

"कोणी नाही गं." या वेळी मी थाप मारत नव्हतो.

कोपराच्या खळग्यात सुईचा ठिपका होता, अजून ओला.