मुक्कामाचा पाहुणा

"छातीत दुखतंय का, आजी?" डॉक्टरबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही हो," आत्याने तिसऱ्यांदा सांगितलं.

तपासणीच्या खोलीचं दार खालून घासायचं, म्हणून मिस्त्रीला बोलावलं होतं. दार काढून त्याने बाहेर दोन स्टुलांवर आडवं टाकलं होतं आणि तो त्यावर रंधा मारत होता. दाराच्या जागी नर्सने चादर टांगली होती. त्यामुळे आतलं सगळं बोलणं त्याला ऐकू येत होतं.

आत्या त्याच्याच वस्तीतली. नात्याने कुणाचीच नाही, पण सगळी वस्ती तिला घाईआत्या म्हणायची. जेवायलासुद्धा ती उकिडवी बसायची, लगेच उठता यावं म्हणून. आज मात्र भिंतीला हात लावत लावत ती त्याच्यासमोरून आत गेली होती. आता चादरीखालून तिचे पाय दिसत होते आणि ते हलत नव्हते.

डॉक्टरबाईंनी जेवण, झोप, पित्त, सगळं विचारून घेतलं. बाई नवीन होत्या आणि मनाने चांगल्या होत्या. या वस्तीतल्या बायका हृदयाच्या दुखण्याने इतर बायकांपेक्षा जास्त का जातात, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. नर्स मघाशी मिस्त्रीला ते सांगत होती, जसं काही तेही त्याने रंधा मारून सरळ करून द्यावं.

"मग आलात कशासाठी, आजी?"

"पाहुणा आलाय," आत्या म्हणाली. "पहाटेपासून."

"अच्छा, म्हणजे पाहुण्यांचं करून दमलात. गोळ्या देते. घरी जाऊन आराम करा."

मिस्त्रीचा रंधा थांबला.

दोन वर्षांपूर्वी याच खोलीत त्याची बायकोही 'पाहुणा आलाय' असंच म्हणाली होती. आधीच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं: घरी पाहुणे, थकवा. तो तेव्हा याच दारात टोपी हातात धरून उभा होता. एवढ्या शिकलेल्या माणसाला कळलंच असेल, असं समजून गप्प राहिला होता. चौथ्या दिवशी पाहुणा तिला घेऊन गेला.

त्यांच्या वस्तीतल्या घरांत 'दुखतं' असं कुणी म्हणत नसे. तसं म्हटलं की आलेल्याचा अपमान होतो आणि तो हट्टाने ठाण मांडून बसतो. पाहुणा आलाय म्हणायचं, त्याला नीट वागवायचं, म्हणजे तो आपण होऊन जातो. बायकोचा तर यात हातखंडा होता. मिस्त्रीची दाढ ठणकली की हातातल्या कामातून मान वर न करता ती विचारायची, जेवून जाणार की मुक्कामाला आलाय? अंगठ्यावर हातोडी बसली तर म्हणायची, या पाहुण्याला तुम्हीच आमंत्रण दिलंत, आता तोंड वाकडं करू नका. अंगठा काळानिळा झालेला असायचा, तरी त्याला हसू यायचं.

आत गोळ्यांचं पाकीट वाजलं. आत्या उठायला लागली.

मिस्त्रीने चादर बाजूला केली. नर्स म्हणाली, आत यायचं नाही. तो गेलाच. भुशाने भरलेल्या हातांनी आत्यासमोर जमिनीवर बसला.

"आत्या, कुठं बसलाय तो?"

"इथं, डावीकडं." तिने हात छातीपाशी नेला, पण टेकवला नाही. "पाय पसरलेत. पार कोपरापर्यंत."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं.

पुढचा प्रश्न मिस्त्रीच्या ओठांवर आला आणि तिथेच अडला. दोन वर्षांत तो त्याने कुणाला विचारला नव्हता, त्यालाही कुणी विचारला नव्हता.

"जेवून जाणार," तो म्हणाला, "की मुक्कामाला आलाय?"

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. प्रश्न कुणाचा आहे, ते तिने ओळखलं.

"बोचकं घेऊन आलाय रे," ती म्हणाली.

मग सगळं भराभर झालं. डॉक्टरबाईंनी आत्याला आडवं केलं, एक गोळी चावायला दिली, छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली. पट्टी बघता बघताच मोठ्या दवाखान्यात फोन लावला. गाडी आली. स्ट्रेचरवरून जाताना आत्याने नर्सला विचारलं, तुम्ही नेहमी एवढ्याच हळू चालता का? ते ऐकून मिस्त्रीच्या जिवात जीव आला.

गाडी गेल्यावर डॉक्टरबाई वही घेऊन बाहेर आल्या आणि आडव्या दारापाशी उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, तुमच्या लोकांना मी कसं विचारू? मिस्त्रीने जमेल तसं सांगितलं. कुठं बसलाय, कधीपासून आलाय, पाय पसरलेत का. बाई लिहून घेत होत्या.

"आणि त्याच्या तोंडावर 'दुखतं' म्हणू नका, बाई. त्याला राग येतो."

बाई हसल्या नाहीत. तेही लिहिलं. मग म्हणाल्या, तो मुक्कामाचा प्रश्न तुम्हाला कुणी शिकवला?

"घरात विचारायचे," मिस्त्री म्हणाला आणि बिजागऱ्यांचे स्क्रू शोधायला लागला.

त्याने दार बसवलं, तेव्हा वस्तीतला एक म्हातारा गुडघा धरून आत आला. डॉक्टरबाईंनी वहीत पाहिलं, घसा साफ केला.

"आजोबा, पाहुणा... जेवून जाणार की मुक्कामाला आलाय?"

हेल साफ चुकला होता. तरी म्हातारा खो खो हसला. "आता तो घरचाच झालाय, बाई. गुडघ्यात राहतो."

दार आता कुठेच घासत नव्हतं. तरी मिस्त्री ते उघडंच धरून कडेवरून पॉलिश पेपर फिरवत राहिला. बाहेर बाकावर वस्तीतली आणखी तिघं बसली होती.