तुटकं टोक

शी! बाबांच्या मोज्यातून सडक्या बटाट्यांचा वास येत होता, आणि हे आमचे शिंपीबाबा आठवडाभर जांघेत आलेली अवधाणाची गाठ इस्त्रीनं तापवलेल्या फडक्यानं शेकत होते. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. “काका, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! ही गाठ पहारेकरी आहे. पायातून शिरलेले जंतू तिनं अडवलेत, म्हणून सुजलीय.” मोजा ओढताच कातडीही निघून आली. बाईंनी तळवा दाबला, तशी पिवळ्या पुवाबरोबर मशीनच्या सुईचं तुटकं टोक बाहेर पडलं. सुई तुटली की टोक सापडेपर्यंत कारागिरांना जागचं हलू न देणारे बाबा स्वतः मात्र न शोधताच नवी सुई लावून बसले होते. “सापडलं एकदाचं!” बाबा खुश. बाईंनी जखमेत चिमटा घातला. “दुखतंय?” “छे, काहीच नाही!” चिमटा हाडाला टेकला, तरी बाबा हसतच होते.