आपुलकीची चौकशी

कामगार कल्याण अधिकारी असलेल्या साहेबांकडून माणूस कधी चिडून परत गेला नाही, अशी कारखान्यात ख्याती होती. तक्रार घेऊन कोणी आलं की आधी खुर्ची, मग चहा, आणि मग मायेने विचारायचं, "घरी कोण कोण असतं? कमावणारे तुम्ही एकटेच का?" एवढ्यानेच माणूस विरघळायचा आणि तक्रार मागे घ्यायचा. सहा वर्षांत एकही तक्रार मालकांपर्यंत गेली नव्हती. त्याबद्दल मिळालेली ढाल टेबलावरच होती.

कापड कापायच्या मशीनला जाळी नाही, अशी लेखी तक्रार देणाऱ्या बाई आज बोटांना पट्टी बांधून आल्या. साहेबांनी चहा सांगितला. बाई उभ्याच राहिल्या.

"साहेब, घरी सासू आणि दोन मुली. कमावणारी मी एकटीच. माझा कागद परत द्या."

"अहो बाई, अजून मी काही विचारलंसुद्धा नाही!"

"म्हणून तर आधीच सांगितलं. खात्यातले सगळे म्हणाले, साहेब भला माणूस आहे, उगाच त्यांना धमकी द्यायला लावू नकोस."

साहेबांनी मान खाली घातली, आणि खालमानेनेच कागद परत दिला.