जहाज मागे का वळलं?

"मेली सरळ सांगेल तर शपथ!" ताईंनी माउस आपटला. "एवढं मोठं जहाज, पोराबाळांसकट माणसं भरलेली, नवा ग्रह समोर दिसतोय, आणि ही कप्तान जहाज मागे वळवते. का? तर ते सांगायचं नाही. लेखिका म्हणे!"

चित्रकार खोकला आणि मान खाली घालून आपल्या पडद्यात बघू लागला. मालकांनी ताईंपुढे चहा सरकवला.

ऑफिस म्हणजे एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. तिथे बसून या मंडळींनी अवकाशप्रवासाचा एक खेळ बनवला, आणि ध्यानीमनी नसताना लोकांना त्याचं वेड लागलं. या खेळात कुणी गोष्ट सांगत नाही. रिकाम्या जहाजात हिंडायचं, कपाटं उघडायची, भांड्यांखाली डोकावायचं आणि पूर्वी काय घडलं ते आपलं आपण जुळवायचं. लोकांनी बाकी सगळं जुळवलं. एकच गाठ सुटेना. कप्तान मागे का वळली?

उत्तर फक्त लेखिकेला ठाऊक होतं. कागदावर काही उतरवायचं नाही, हा तिचा नियम. मालकांनाही तिनं कधी पत्ता लागू दिला नाही, कारण मालकांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत. चित्रकाराला नुसते हुकूम सुटायचे. इथे फुटका आरसा ठेव, तिथली दाराची मूठ काढ, कारण विचारू नकोस. मग लेखिकेला अपघात झाला. जीव वाचला, पण खेळावर घातलेली सगळी वर्षं डोक्यातून पुसली गेली. डॉक्टरांनी मालकांना बजावलं, "आठवा आठवा म्हणून मागे लागू नका."

आता खेळाचा दुसरा भाग करायचा तर त्याची सुरुवातच त्या उत्तरापासून होती. भांडवल देणारे लोक आज संध्याकाळी ते ऐकायला येणार होते. उत्तर नाही तर दुसरा भाग नाही, आणि दुसरा भाग नाही तर ऑफिसला कुलूप.

म्हणून ताई रोज सकाळी येऊन त्या जहाजात हिंडत. खुर्ची त्यांच्या उंचीला अगदी बरोबर बसली होती. शोधायची खाज तर अशी, की जेवायला हाताला धरून उठवावं लागे. आणि अडलं की लेखिकेचा असा उद्धार करत, की हसावं की रडावं ते मालकांना कळत नसे.

"काहीतरी ठोकून देऊ या ना," चित्रकार म्हणाला. "इंधन संपलं म्हणू."

"टाक्या काठोकाठ भरलेल्या दाखवल्यास तू! आणि खेळणारे काय दूधखुळे आहेत? जहाजाचा स्क्रू न् स्क्रू पाठ आहे त्यांना. थाप मारलीत तर सालटी काढतील."

"मग बंड झालं असेल," मालक म्हणाले.

"बंड झालं असतं तर कप्ताननं दाराला आतून अडसर घातला असता. तिचं दार सताड उघडं आहे." ताई बोलता बोलता थांबल्या. "दार उघडं. आणि खिडकी?"

जहाजाच्या मागच्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांना आतून काळा रंग होता. त्याचं कारण खेळणाऱ्यांनी कधीच शोधलं होतं. मागे सोडलेला ग्रह उजाड झालेला, माणसांनी त्याच्याकडे बघून रडत बसू नये, म्हणून कप्ताननंच तो फासायला लावला होता. ताई पुन्हा कप्तानच्या खोलीत शिरल्या. पलंगामागच्या खिडकीवर, खालच्या कोपऱ्यात, रंग नखाएवढा खरवडलेला होता.

"हे तू केलंस?"

"हुकूम होता," चित्रकार म्हणाला. "खरवडला."

"अरे, पण जिनं रंग फासायला लावला तीच बाई स्वतःच्या खिडकीवरचा खरवडते, ती काय हात शिवशिवतात म्हणून?" ताईंनी त्या भोकाला डोळा लावल्यासारखं दृश्य जवळ आणलं. पलीकडे जुना ग्रह होता, तव्यासारखा काळा. "इथून काय दिसायचं?"

"ग्रह."

"नुसता ग्रह?"

चित्रकाराचा चेहरा पडला. "एक पांढरा ठिपका होता त्याच्यावर. मी नव्हता काढला. मला वाटलं, चित्रात घाण राहिलीय. शेवटच्या साफसफाईत पुसून टाकला."

"पुसलास?" मालक ओरडले. "अरे गाढवा, लोक डोकी फोडून घेतायत तिकडे!"

"कारण विचारू नकोस म्हणून दम भरला होता ना! नाही विचारलं!"

ताई खो खो हसत सुटल्या. हसता हसता पुन्हा त्या भोकाकडे वळल्या.

"लेखिकेनंच टाकला असणार तो, तुला न सांगता," त्या म्हणाल्या. "दिवा होता रे तो. मागे कुणी जिवंत नाही असं समजून ही सगळी निघून आली, आणि तिथे कुणीतरी दिवा लावून बसलंय. तो कप्तानला दिसला. लोकांना सांगितलं असतं तर त्यांनी वळू दिलं असतं होय? नवा ग्रह हाताशी आलेला. एका माणसासाठी कोण मागे फिरतं?" त्यांनी त्या भोकावर बोट टेकवलं. "ही फिरली."

चित्रकारानं ठिपका परत टाकला. तिघंही त्या भोकातून बघत राहिले. उत्तर खरं होतं. तिथे दुसरं काही बसलंच नसतं. मालकांनी नाक पुसलं. ऑफिस वाचलं होतं, पण त्यांच्या मनात वेगळंच काही होतं आणि ते विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी त्यांनी विचारलंच.

"ताई, आठवलं?"

"नाही हो," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "हे मी कधी लिहिलं, ते अजूनही आठवत नाही, पण मीच लिहिलं, एवढं आज पटलं."