सतरा नंबरचा जॉइंट

एक्स-रेची फिल्म मी उजेडावर धरली. टाकीच्या जॉइंटमध्ये ना तडा होता, ना हवेचा बुडबुडा. शेजारी वेल्डरचा नंबर ठोकलेला होता, सतरा. म्हणजे बाबा. आमच्या कारखान्यात प्रत्येक वेल्डर आपल्या कामाशेजारी आपला नंबर ठोकतो आणि ते काम मी तपासते.

सही करून मोकळं व्हायचं होतं. पण वितळून थिजलेल्या धातूच्या बारीक लाटा डावीकडून उजवीकडे गेल्या होत्या. बाबा डावखुरे. त्यांच्या लाटा कायम उलट्या जातात. बाबांनी जोडलेल्या घरच्या फाटकावर लहानपणी मी त्या लाटांवरून बोट फिरवत बसायचे.

मी मागच्या फिल्म काढल्या. दिवाळीपासूनचा एकही जॉइंट बाबांच्या हातचा नव्हता. दिवाळीपासूनच ते दाढीला सलूनमध्ये जायला लागले होते. मला वाटलं होतं, उतारवयातली हौस.

शेडमध्ये ते आणि त्यांचे जोडीदार वेल्डर इस्माईलचाचा चहाला बसले होते. बाबांचा डावा हात मांडीखाली दाबलेला होता.

"पास का गं?" बाबांनी विचारलं.

"पास."

"तीस वर्षांत माझं एक काम परत आलेलं नाही. विचार चाचांना."

चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. किटलीतून त्यांनी बाबांचा ग्लास अर्धाच भरला.

मी पाठ फिरवेपर्यंत बाबांनी तो उचलला नाही.