शेजारचा खिळा

अर्डिथने पिस्तुलाची फुगलेली नळी काउंटरवर ठेवली. "हिच्या जागी नवी दे."

ड्वेनने नळी उजेडात धरून पाहिली. बंदुकांचं दुकान त्याचं आणि गावातल्या नेमबाजी क्लबाचा कारभारही त्याच्याच हातात. "काडतुसं घरीच भरता ना, अर्डिथबाई? एकात दारू घालायची राहिली. नुसत्या ठिणगीच्या जोराने ती गोळी नळीत शिरून तिथेच अडकली आणि तुम्ही तिच्यामागे दुसरी झाडलीत. नशीब, बोटं शाबूत आहेत."

"ओव्हनमधला ॲपल पाय करपत होता म्हणून मधेच उठले. परत येऊन बसले ती दारू घातलीय असं धरूनच. चूक माझी. आता नळ्या दाखव."

त्याने दोन काढल्या. एक कंपनीची, साधी काळी. दुसरी चकचकीत, खास स्पर्धेसाठी घडवलेली. तीच त्याने पुढे सरकवली. "ही घ्या. बसवायची मजुरी तुमच्याकडून घेत नाही, मग तर झालं?"

"बसवायची म्हणजे?"

"ही तशीच बसत नाही हो. घासून घासून पिस्तुलाला जुळवावी लागते. तीन आठवडे धरा."

"म्हणजे शनिवारची स्पर्धा गेली."

ड्वेन फडक्याने काउंटर पुसू लागला. काउंटर स्वच्छच होता. "क्लबात सगळ्यांचं म्हणणं पडलं, या वर्षी तुम्ही बसून गुण मोजावेत. मान म्हणून. सत्तरी उलटली तुमची."

मेल्यांना मान आत्ताच बरा सुचला. गेल्या वर्षी हिने एकेकाला पाणी पाजलं, तेव्हापासून सगळे निमित्ताच्या शोधात होते.

अर्डिथने त्याच्या पाठीमागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे फुटक्या, फुगलेल्या नळ्या खिळ्यांना टांगलेल्या होत्या, प्रत्येकीखाली नावाची चिठ्ठी. क्लबाचा रिवाजच तो: आपल्या गाढवपणाने नळी घालवली की ती इथे टांगायची आणि संध्याकाळी सगळ्यांना बिअर पाजायची. मधली नळी केळ्याच्या सालीसारखी उलगडली होती. तिच्याखाली ड्वेनचं नाव होतं.

"यांच्यातल्या कुणाला गुण मोजायला बसवलंस रे?"

ड्वेनने फडक्याची घडी घातली.

"तुझी फुटली तेव्हा सगळे पोट धरून हसले. ड्वेनचं वय झालं, असं म्हणालं कुणी?"

"तसं नाही हो, बाई..."

"तसंच आहे."

तिने पर्समधून रिकामं पिस्तूल काढलं, उघडलं आणि कंपनीची काळी नळी आत सरकवली. नळी मुकाट्याने बसली. घासणं नाही, कारागीर नाही. तिने पिस्तूल मिटून त्याचा वरचा सरकता भाग दोनदा मागेपुढे करून पाहिला. ड्वेन तिच्या हातांकडे टक लावून बघत होता, ते कापताहेत का म्हणून. ते कापत नव्हते.

"हातोडी दे."

"मी टांगतो ना."

"माझी आहे, मीच टांगणार."

काउंटरच्या पलीकडे जाऊन तिने ड्वेनच्या नळीशेजारी खिळा ठोकला, आपली फुगलेली नळी अडकवली आणि चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"आजची बिअर माझ्याकडून," हातोडी परत देत ती म्हणाली. "आणि शनिवारी मला तुझ्याच शेजारी उभी कर. कोण हरवतंय ते तुला नीट दिसू दे."